दाभाड्यांच्या पत्त्यावरून

पोलीस आले तेव्हा रत्नमाला मायच्या पाठीला पावडर लावत होती. आवडाबाईंना अर्धांगवायू होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. उजवं अंग गेलेलं, जीभ जड झालेली. सकाळी शाळेत शिकवायला निघायच्या आधी लेकीनं त्यांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, मग चहा पाजून टीव्ही लावून द्यायचा, असा मुकुंदवाडीतल्या त्या दोन खोल्यांचा शिरस्ताच पडून गेला होता.

दारात एक बाई आणि एक हवालदार उभे होते. बाई साध्या कपड्यांत होती, म्हणून आधी वाटलं, कुठल्या तरी सर्वेक्षणाला आल्यात. मग तिनं ओळखपत्र पुढं केलं.

"उपनिरीक्षक सायली शेजूळ, सायबर पोलीस. रत्नमाला मोतीराम दाभाडे आपणच का?"

"व्हय, मीच."

"घरचं इंटरनेट तुमच्या नावावर आहे?"

"हाये. का हो मॅडम?"

"आत बसून बोलू."

खुर्ची एकच होती. शेजूळ मॅडम तिच्यावर बसल्या, हवालदार सर्जेराव दारालाच टेकून राहिले. रत्नमालानं हातातली पावडर कुठं ठेवावी हे न सुचून ती तशीच धरून ठेवली.

"घरात इंटरनेट कोण कोण वापरतं?"

"मी. आणि धाकटा भाऊ, सार्थक. मायचा टीव्ही चालतो त्याच्यावर."

"भाऊ काय करतो?"

"पोलीस भरतीत निवड झाली त्याची," रत्नमाला म्हणाली. एरवी हे वाक्य सांगताना तिची मान ताठ व्हायची. आज ते तोंडातून निसटल्यासारखं बाहेर पडलं. "चारित्र्य पडताळणी राहिलीय. आत्ता ग्राउंडवर गेलाय, पळायला."

सर्जेरावांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी पाहिलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. गारखेड्यात श्रेया नावाची एक मुलगी आहे, लहान मुलांचे गणिताचे वर्ग घेते. दिवाळीपासून तिच्यामागं कुणीतरी लागलंय. खोटी खाती उघडतो, तिचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या उघड्या अंगावर चिकटवतो आणि ते फोटो तिच्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांना पाठवतो. अर्धे वर्ग बंद पडलेत. आता तर तोंडावर ॲसिड टाकीन म्हणून धमक्या चालल्यात.

"खातं दरवेळी नवीन," मॅडम म्हणाल्या, "पण वाट एकच. प्रत्येक निरोप तुमच्या घरच्या इंटरनेटवरून गेलाय. कंपनीकडून लेखी आलंय आमच्याकडं."

रत्नमालाला ऐकू येत होतं, पण कुणीतरी हौदात तोंड घालून बोलावं तसं.

"भावाचा फोन कुठंय?"

फोन मायच्या उशाशी होता. चार्जिंगला मोकळं असलेलं घरातलं एकच बटन तिथं होतं, आणि पळायला जाताना सार्थक तो तिथंच चार्जिंगला लावून जायचा. वायर गोधडीखालून गेली होती. रत्नमाला जिथं उभी होती तिथून तिला फोनची काळी कड दिसत होती.

"त्याच्याजवळच असतो," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदाच ती पोलिसाशी खोटं बोलत होती, आणि ते इतकं सहज जमलं की तिचं तिलाच भ्या वाटलं. माय घशातून काहीतरी पुटपुटली. मॅडमनी वळून पाहिलं. रत्नमालानं पुढं होऊन मायच्या अंगावरची गोधडी सारखी केली.

घरातला लॅपटॉप त्यांनी पंचनामा करून नेला. जाताना मॅडम उंबऱ्यात थांबल्या. "ताई, तुम्ही शिक्षिका आहात. भाऊ आला की लगेच ठाण्यात घेऊन या, फोनसकट. त्याला न्यायला आम्हाला यावं लागलं तर गल्ली बघते. पुढं तुमचं तुम्ही ठरवा."

जीप गेली. समोरच्या गच्चीवरच्या बायका आत गेल्या.

वडील गेले तेव्हा सार्थक चौथीत होता आणि रत्नमाला डी.एड.ला. करमाडजवळच्या शाळेत नोकरी लागली तशी तिनं घर अंगावर घेतलं. बघायला आलेली स्थळं मायच्या दवाखान्यात आणि भावाच्या फीमध्ये मागं पडत गेली. त्याचं तिला दुःख नव्हतं. सार्थकला खाकीत बघायचं, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं. लेखी परीक्षा झाली, मैदानी झाली, यादीत नाव आलं, त्या दिवशी तिनं बुद्धविहारात मेणबत्ती लावली आणि गल्लीत पेढे वाटले.

आणि आता हे.

फोन हातात घेऊन ती मायच्या खाटेच्या कडेवर बसली. डोकं भलतीकडंच धावू लागलं. हल्ली तो फोन घेऊन गच्चीवर जातो. ती आत आली की स्क्रीन पालथी करतो. गेल्या वर्षी कुठल्याशा मुलीनं त्याला नाही म्हटलं होतं. त्यानं नाव सांगितलं नव्हतं, पण आठवडाभर पोरगं जेवलं नव्हतं. तेव्हा एकदा म्हणालाही होता, 'ताई, तिला कळंल एक दिवस.' तेव्हा तिला हसू आलं होतं. आता तेच शब्द तिनं पुन्हा मनात म्हणून पाहिले.

फोन उघडायचे आकडे तिला ठाऊक होते. घरात कुणाचं कुणापासून काही लपलेलं नव्हतं, निदान तिची तशी समजूत होती. फोन उघडून आत काय आहे ते पाहणं तिच्या हातात होतं. फोटो पाहायचे, निरोप वाचायचे, आणि काय ते कळून गेलं असतं. पण कळायलाच तिला नको होतं. श्रेया नावाच्या मुलीचा चेहरा त्यात निघाला तर? मग ती त्या मॅडमसमोर कुठल्या तोंडानं उभी राहणार?

शाळेतल्या टॅबवर हे काम तिनं कितीदा केलं होतं. सेटिंग, मग सगळं पुसा, मग खात्री आहे का, मग हो. फोननं विचारलं आणि तिनं हो म्हटलं. पडदा काळा झाला आणि मधोमध एक पांढरी चकती फिरू लागली.

माय उशीवरून एकटक तिच्याकडं पाहत होती.

"काही नाय माय," रत्नमाला म्हणाली. "झोप तू."

सार्थक घामाघूम होऊन आला. बूट काढता काढता त्यानं खाली ऐकलेलं विचारलं, "ताई, पोलीस आलते म्हणं? पडताळणीचे का? लवकर आले की!"

चेहऱ्यावर नुसता आनंद होता. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत गेला तसा बुटाची नाडी हातात धरून तसाच वाकून राहिला.

"आपल्या नेटवरून? आपल्या घरातून?"

"तसं म्हणतात ते."

"चूक असंल काहीतरी. चल, आत्ताच जाऊ. माझा फोन बघू दे त्यांना, म्हणजे मिटलंच." तो उशाशी गेला. "फोन कुठंय?"

तिनं पदराआडून काढून दिला. त्यानं चालू केला. फोननं त्याला नमस्कार केला आणि कोणती भाषा हवी ते विचारलं.

सार्थकनं पडद्यावर एकदोनदा बोट फिरवलं. मग मान वर केली.

"तू पुसलास?"

"मला वाटलं, त्यांच्या हाती काही लागायला नको..."

"काय लागायला नको?"

तिनं फोनकडं हात केला, तसा त्यानं तो मागं घेतला.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "तुला वाटलं, मी केलं?"

शेजारच्या लक्ष्मीबाई तेवढ्यात आल्या. रत्नमाला शाळेत गेली की मायजवळ त्याच बसत. सार्थकनं तोंडावर पाणी मारलं, कपडे बदलले आणि स्कूटीची किल्ली बहिणीच्या हातात न देता स्वतःकडं घेतली. जालना रोडनं जाताना मागं बसलेल्या रत्नमालानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं झटकला नाही. पण खांदा दगडासारखा झाला होता.

ठाण्यात शेजूळ मॅडमनी फोन हातात घेतला, चालू केला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"हा आज सकाळी साफ केलाय."

सर्जेरावांनी पेन उघडलं.

"सार्थक, तू पोलीस होणार आहेस. तूच सांग, ज्याच्या घरातून धमक्या जातात त्याचा फोन त्याच दिवशी कोरा निघाला तर तू काय समजशील?"

"मी केला साफ," सार्थक म्हणाला. "घाबरलो होतो."

"केव्हा?"

"सकाळी."

"सकाळी तू ग्राउंडवर होतास. फोन तुझ्याजवळ होता असं तुझी बहीण म्हणते. मग पोलीस घरी येऊन गेल्याचं तुला तिथं कुणी कळवलं?"

सार्थकनं खाली बघितलं. सर्जेरावांनी कागद पुढं ओढला. रत्नमालाला दिसत होतं, त्या कागदावर आता जे उतरेल ते त्याच्या पडताळणीच्या कागदाला जाऊन चिकटेल. आणि तिला हेही दिसलं, की तो खोटं बोलतोय ते तिच्यासाठी.

"मॅडम, तो मी पुसला," ती म्हणाली. "तुम्ही आलात तेव्हा फोन मायच्या उशाशीच होता. मी खोटं बोलले."

"का?"

"भाऊ हाये माझा."

"म्हणजे तुम्हालाही तोच वाटला," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण खोलीत ते वाक्य घुमल्यागत झालं. सार्थक भिंतीकडं बघत होता.

त्याच वेळी टेबलावरच्या संगणकानं बारीक आवाज केला. मॅडमनी पडदा पाहिला, मग घड्याळ, मग समोरची दोघं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"तुमच्या घरात आत्ता कोण आहे?"

"माय. आणि शेजारच्या लक्ष्मीबाई."

"लक्ष्मीबाईंकडं फोन आहे?"

"बटनांचा. तोही त्यांना नुसता उचलता येतो."

"आणखी कुणी? पाहुणा? भाडेकरू? तुमचा वायफायचा पासवर्ड कुणाला दिलाय?"

"कुणाला नाय. आठवडा झाला, मीच बदललाय," सार्थक म्हणाला. "का?"

मॅडमनी पडदा त्यांच्याकडं वळवला. आदल्या दिवशी त्यांनी श्रेयाच्या फोनवरून त्या माणसाला एक लिंक पाठवली होती. वरून साधा फोटो वाटावा अशी. उघडणारा कुठल्या इंटरनेटवरून आला ते तिथं नोंदलं जाई. ती लिंक आत्ता, या मिनिटाला कुणीतरी उघडली होती. पत्ता होता दाभाड्यांच्या घराचा.

"तुम्ही दोघं माझ्यासमोर बसलाय," मॅडम म्हणाल्या. "लॅपटॉप आमच्या कपाटात आहे. फोन या टेबलावर आहे. मग तुमच्या घरातून हे उघडलं कुणी?"

घरात कुणीतरी शिरलंय, हेच रत्नमालाच्या मनात आलं. माय जागची हलू शकत नाही.

जीप सिडकोच्या चौकात अडकली तेव्हा ती सीटच्या कडेवर बसून लक्ष्मीबाईंना फोन लावत होती. घंटी जात होती, कुणी उचलत नव्हतं. सार्थक तिच्याकडून फोन घेऊन स्वतः लावत राहिला.

दार नुसतं लोटलेलं होतं. सर्जेराव आधी आत गेले. आत माय उशीला टेकून टीव्ही बघत होती आणि लक्ष्मीबाई खाली बसून लसूण सोलत होत्या. फोन त्यांच्या पिशवीत, पिशवी खुंटीला.

"काय झालं गं?" त्या म्हणाल्या. "एवढी फौज?"

मॅडमनी खोल्या पाहिल्या, न्हाणी पाहिली, गच्चीचा जिना पाहिला. कुणी नव्हतं. मग त्यांनी राऊटरला आपला लॅपटॉप जोडला आणि त्यावर कोण कोण आहे ते पाहू लागल्या. रत्नमाला मागं उभी राहिली. ओळी सरकत होत्या, थांबतच नव्हत्या.

"ताईंचा फोन सोडला तर एकच वस्तू जोडलेली आहे," मॅडम म्हणाल्या, "आणि ती बाजारच्या दिवशी स्टँडवर गर्दी असावी तशी चाललीय. आत येतंय, बाहेर जातंय. काय आहे हे?" त्यांनी मान वळवून टीव्हीकडं पाहिलं. टीव्हीखाली तळहाताएवढा एक काळा डबा होता, त्यावर निळा दिवा लुकलुकत होता. "हा कुठून आणला?"

"शहागंजातल्या दुकानातून," रत्नमाला म्हणाली. "मीच आणला. माय अंथरुणाला खिळली तेव्हा. एकदा घ्या, सगळे चॅनेल फुकट, म्हणाला दुकानदार." बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला.

मॅडमनी डबा उचलून पालथा केला. कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं. "फुकट काही नसतं ताई. प्रॉक्सी ऐकलंय कधी?"

"कॉलेजात दुसऱ्याची हजेरी लावतात ते," सार्थक म्हणाला.

"तेच. हजेरी तुझी, आवाज दुसऱ्याचा. इंटरनेटवर तसा मधला संगणक असतो. मला एखादी वेबसाइट बघायचीय, पण मी थेट जात नाही, मधल्याला सांगते. तो जातो, आणून मला देतो. समोरच्याला दिसतो मधला, मी दिसत नाही. यात वाईट काही नाही. बँकांत असतो, मोठ्या ऑफिसात असतो, पोरांनी नको ते बघू नये म्हणून शाळांतही लावतात. पण तो मधला कोण ते सगळ्यांना माहीत असतं आणि त्याची परवानगी असते. इथं या डब्यात कुणीतरी आधीच तसला प्रोग्रॅम घालून ठेवलाय. तुमचं घर मधला झालंय आणि तुम्हाला पत्ताच नाही. हजारो घरांत असे डबे असतील. त्यांचे पत्ते भाड्यानं दिले जातात. घेणाऱ्यानं शहर निवडायचं. हा माणूस कुठंही बसलेला असेल. त्यानं संभाजीनगर निवडलं, म्हणजे आम्ही इथल्याच पोरांच्या मागं लागू."

"म्हणजे तो आमच्या दारातून बाहेर पडतोय," रत्नमाला म्हणाली.

"आणि त्याच्या पायातला चिखल तुमच्या उंबऱ्यावर."

तिनं तरातरा पुढं होऊन डब्याच्या वायरीला हात घातला. "काढूनच टाकते मेल्याला!"

"थांबा!" मॅडमनी तिचं मनगट धरलं. "आत्ता काढाल तर तो दुसऱ्या घरातून येईल, आणि मला परत पहिल्यापासून सुरुवात. आत्ता तो इथं आहे. जागा आहे. मला तो हवाय."

मॅडमनी श्रेयाला फोन लावून आवाज मोठा केला. पलीकडून येणारा आवाज रत्नमालानं पहिल्यांदाच ऐकला. तरणा होता, पण झोप न झालेल्या माणसाचा.

"श्रेया, तो बोलतोय?"

"हो मॅडम. आत्ताच दोन निरोप आले." श्रेया म्हणाली. "वाचून दाखवू?"

"नको. त्याला बोलतं ठेव. मी सांगते तेव्हा पुन्हा लिंक पाठव."

खोलीत टीव्हीचा आवाज चालूच होता. मालिकेतली सासू रडत होती, आणि त्याच डब्यातून, त्याच वायरीवरून त्या मुलीला शिव्या जात होत्या. मायचं मनोरंजन आणि ती घाण एकाच नळानं वाहत होती. एवढे दिवस रत्नमाला इथंच बसून मायला भरवत होती, केस विंचरत होती.

"पाठव," मॅडम म्हणाल्या.

लॅपटॉपवर ओळ उमटली. दाभाड्यांचा पत्ता. मॅडमनी रत्नमालाकडं पाहून मान हलवली. "आता काढा."

तिनं वायर उपटली. टीव्ही निळा झाला. माय रागानं घुरघुरली. पडद्यावरच्या धावणाऱ्या ओळी एकदम थांबल्या.

"तो गप्प झाला," श्रेया म्हणाली.

सगळे लॅपटॉपकडं बघत राहिले. लक्ष्मीबाईंनी लसूण सोलायचं थांबवलं होतं. बाहेर भंगारवाल्याची आरोळी आली आणि दूर गेली.

"पुन्हा आला," श्रेया म्हणाली. "विचारतोय, घाबरलीस का."

"लिंक."

ओळ उमटली. पत्ता वेगळा होता. सार्थक पुढं वाकला. मॅडमनी पटापट बोटं चालवली आणि श्वास सोडला. "हाही संभाजीनगरचाच. बहुतेक दुसरं घर, दुसरा डबा."

म्हणजे आता आणखी एका दारावर जीप जाणार होती. आणखी कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी लेक. रत्नमाला खाटेवर बसली.

"मॅडम," फोनमधून श्रेयाचा आवाज आला. तो आता वेगळा होता. "मी एक लिहू का? माझ्या मनानं?"

"काय लिहिणार?"

"तो मला ओळखतो हे नक्की. माझ्या घरचं सगळं त्याला माहीत आहे. म्हणजे मीही त्याला ओळखत असणार. कोण ते कळत नाहीये, पण मला कळलंय की नाही हे त्याला कुठं ठाऊक आहे?"

"लिही."

टकटक ऐकू आली. मग श्रेयानं लिहिलेलं वाचलं. वाचताना ती अडली नाही. "'तू कोण ते मला कळलं. तुझे सगळे निरोप आत्ताच तुझ्या आईला पाठवलेत. काय पाठवलंय ते बघ.' आणि खाली लिंक. पाठवलं."

काही झालं नाही. सर्जेरावांनी टोपी काढून घाम पुसला. सार्थकच्या ओठांवरून काहीतरी पुटपुटल्यासारखं गेलं. रत्नमालानं नकळत मायचा निर्जीव हात हातात घेतला होता.

ओळ उमटली.

मॅडम पडद्यात डोकं घालूनच बोलल्या. "मोबाइल कंपनीचा पत्ता. पुणं." मग एकदम ताठ झाल्या. "थेट आलाय! मधे कुणी नाही. आईचं नाव ऐकलं आणि गड्याला प्रॉक्सी लावायचं भान राहिलं नाही. सर्जेराव, वेळ टिपा. सेकंदासकट!"

फोनमध्ये श्रेया रडत होती. मोठ्यानं, आवरत न घेता.

कंपनीकडून नाव यायला पुढचे काही दिवस गेले. आलं तेव्हा श्रेयाला आधी खरंच वाटेना. कॉलेजात तिच्याबरोबर होता तो. एकदा लग्नाचं विचारलं होतं, ती नाही म्हणाली होती, त्यानंही हसून सोडून दिलं होतं. दिवाळीपासून रोज संध्याकाळी तिला फोन करून 'हिंमत हरू नकोस' असं सांगणारा तोच होता. पुण्यातून त्याला धरून आणलं.

काळा डबा पोलिसांनी पुरावा म्हणून नेला. शहागंजातल्या दुकानदाराची चौकशी झाली. त्यानं पेटीतून माल येतो तसा विकतो म्हणून हात वर केले, आणि ते बहुधा खरंही असावं. फोन पुसल्याबद्दल रत्नमालाचा जबाब घेतला गेला. "हे मला लिहावंच लागेल," मॅडम म्हणाल्या, "पण का केलं तेही लिहीन." सार्थकच्या पडताळणीला उशीर लागला. त्या दिवसांत रत्नमाला वर्गात फळ्याकडं तोंड करून उभी राही आणि काय लिहायचं ते विसरून जाई. अखेर कागद आला. निर्दोष.

घरात मात्र काहीतरी बसलं ते उठेना. सार्थक बोलायचा, पण कामापुरतं. मायचं औषध आणलंय. भाजी संपली. एका दुपारी ती शाळेतून आली तर तो मायपुढं बसून फोनमध्ये काहीतरी शोधत होता. पुन्हा पुन्हा, तेच तेच.

"काय हुडकतोस?"

"काही नाय." मग थोड्या वेळानं, वर न बघता, "मायचं गाणं होतं. आजारी पडायच्या आधीच्या जयंतीला विहारात म्हणली होती ते. पुरं टेप केलतं मी. दुसरीकडं ठेवायचं ठेवायचं म्हणत राहिलो."

गच्चीवर जाऊन तो काय ऐकायचा ते तिला आत्ता कळलं. घरात लावलं तर मायला ऐकू जाईल, आणि गेलेला आवाज ऐकून ती रडेल, म्हणून वर जायचा. तिनं त्या दिवशी फोन उघडून पाहिला असता तर तिला तेच सापडलं असतं.

प्रशिक्षणाला निघायच्या दिवशी ती त्याला सोडायला सिडको बसस्थानकावर गेली. एसटी लागायला वेळ होता. ट्रंक मधे ठेवून दोघं बाकावर बसली.

"सगळ्यांना मी सांगते, घाबरून केलं म्हणून," रत्नमाला म्हणाली. "तुलाही तसंच सांगितलं. ते खरं नाय सार्थक. मला खरंच वाटलं होतं, तूच केलंस."

"माहितीय मला."

"कसं वाटलं मला? मी वाढवलं तुला."

त्यानं ट्रंकेच्या कडीशी चाळा केला. "पोलिसांना वाटलं ते मला काही नाय वाटलं ताई. त्यांच्याकडं पत्ता होता. तुझ्याकडं काय होतं?"

या वेळी रत्नमालानं उत्तर बनवलं नाही. गाडी फलाटाला लागली. सार्थक उठला, ट्रंक उचलली, दोन पावलं गेला आणि थांबला.

"त्या जयंतीला विहारात पैठणच्या आत्याची पोरगी व्हती," तो म्हणाला. "मेघा. ती बी पुढं बसून मायच्या गाण्याचं शूटिंग करत व्हती. फोन बदलला असंल तिनं, नाय माहीत. तू जाऊन ये एकदा. फोनवर नको विचारू, ती विसरती."

"जाते," रत्नमाला म्हणाली. "उद्याच जाते."

"आणि मायला उजव्या कुशीवर जास्त वेळ ठिवू नको."

एसटी मागं येत वळली आणि गेटातून बाहेर पडली. रत्नमालानं पदरानं तोंड पुसलं, आणि चौकशीच्या खिडकीशी जाऊन विचारलं, सकाळची पैठणची पहिली गाडी कुठून सुटते.